माहेरचं तिरफळ, सासरचा शेपू

मागच्या रविवारी भावजयीचं डोहाळजेवण झालं. सातवा संपत आलाय, फुलांच्या दागिन्यांत इतकी गोड दिसत होती की एरवी फोटोला वैतागणारा माझा भाऊसुद्धा शेजारी नीट उभा राहिला. दोन झाकलेल्या वाट्यांतली तिने उजवीकडची उघडली, पेढा निघाला, बायकांनी टाळ्या पिटल्या, आणि जेवायला बसल्यावर दरवेळी होतं तेच सुरू झालं. एक मामी म्हणाली रोज केशराचं दूध घे, बाळ गोरं होईल. दुसरी म्हणाली शहाळं पी, डोळे पाणीदार होतात. तिसरीने पपईचं नाव काढलं आणि मग पपईवर पाच मिनिटं गेली. भावजय बिचारी सगळ्यांना मान डोलावत होती, आणि मी वाढायला गेले तर हळूच म्हणाली, "ताई, यातलं खरं किती हो?"

तिथे पंगतीत काय सांगणार. आणि मी काही डॉक्टर नाही, बँकेत आहे. पण धाकट्याच्या वेळी रात्र रात्र झोप यायची नाही तेव्हा मोबाइलवर हेच वाचत बसायचे, आईच्या खाण्याचा बाळाच्या जिभेवर, नाकावर, कानावर, डोळ्यांवर खरंच काही परिणाम होतो का, आणि त्यातलं काही डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून इथे लिहून ठेवते, तिला लिंक पाठवीन.

केशराचं आधी उरकून टाकते. रंगाशी काहीही संबंध नाही. बस.

आता चवीचं, आणि हे मात्र खरंच मजेशीर आहे. पोटातलं बाळ गर्भजलात तरंगत असतं एवढं आपल्याला माहीत असतं, पण ते नुसतं तरंगत नाही, ते पाणी पीत असतं. साधारण बाराव्या आठवड्यापासून गिळायला लागतं आणि दिवस भरत आले की दिवसाला अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त. जिभेवरच्या चवीच्या कळ्या तर त्याआधीच, आठव्या आठवड्याच्या सुमाराला दिसायला लागतात. नाकपुड्यांत सुरुवातीला बूच असतं ते मधल्या महिन्यांत मोकळं होतं आणि मग ते पाणी नाकातूनही आत-बाहेर होतं. आणि हे पाणी बेचव नसतं. आईने जे खाल्लं त्यातले वासाचे कण रक्तातून तिथे पोचतात.

पोचतात हे कळलं कसं, तर १९९५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या जुली मेनेला आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. ज्या बायकांचं गर्भजल तसंही तपासणीसाठी काढायचं होतं त्यांच्यातल्या काहींना पाऊण तास आधी लसणीच्या तेलाच्या गोळ्या दिल्या, काहींना बिनलसणीच्या, आणि मग ते पाणी माणसांना हुंगायला दिलं. बहुतेक जोड्यांमध्ये लसूणवालं कुठलं ते लोकांनी नाकाने ओळखलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नवऱ्याला उठवून सांगितलं होतं, रात्री दोन वाजता. तो म्हणाला "बरं" आणि झोपला.

मग त्याच बाईंचा २००१ चा गाजराचा प्रयोग. शेवटच्या तीन महिन्यांतल्या काही बायकांना आठवड्यातून चार दिवस, असे तीन आठवडे, ३०० मिली गाजराचा रस प्यायला दिला. काहींना तोच रस बाळंतपणानंतर अंगावर पाजताना दिला, आणि काहींना दोन्ही वेळी साधं पाणी. पुढे बाळं वरचं खायला लागली तेव्हा त्यांना साधी आणि गाजराच्या रसात कालवलेली अशी पेज देऊन त्यांचे चेहरे पाहिले. ज्यांनी पोटात किंवा दुधातून गाजर चाखलं होतं त्यांनी गाजराच्या पेजेला तोंडं कमी वाकडी केली. फ्रान्समध्ये बडीशेपेसारख्या वासाच्या अॅनिसवर असंच काम झालं, बेन्वा शाल वगैरेंचं, २००० साली. ज्या आयांनी शेवटच्या दिवसांत अॅनिस घातलेल्या गोळ्या-सरबतं घेतली होती त्यांची बाळं जन्मून काही तासच झालेली असताना त्या वासाकडे वळत होती, बाकीची तोंड फिरवत होती किंवा ढिम्म.

आणि २०२२ मध्ये इंग्लंडात डरहॅम युनिव्हर्सिटीवाल्यांनी तर थेट सोनोग्राफीत पाहिलं. ३२ आणि ३६ आठवड्यांच्या बायकांना गाजराची नाहीतर केलची (कोबीच्या कुळातली एक कडवट पालेभाजी) पूड भरलेली कॅप्सूल दिली आणि वीसेक मिनिटांनी बाळाचा चेहरा बघितला. गाजराला हसल्यासारखा, केलला रडल्यासारखा. हे फोटो तेव्हा व्हॉट्सअॅपवर खूप फिरले, "बाळाला भाजी आवडत नाही बघा पोटातसुद्धा" म्हणून. पण रडल्यासारखा चेहरा झाला म्हणजे नावडलं असं सरळ म्हणता येत नाही, कडवट काहीतरी आलं आणि स्नायू तसे हलले इतकंच त्यातून दिसतं. पुढे त्याच टीमने त्यातल्या काही बाळांना जन्मानंतर तीनेक आठवड्यांनी तोच वास दिला तेव्हा पोटात असताना ज्याची सवय झाली होती त्याला बाळं रडवेला चेहरा कमी करत होती. म्हणजे केलचीसुद्धा सवय होते. कारलंवाल्यांनी आशा सोडू नये.

तर आता आमच्या घरचा प्रयोग.

माझं माहेर मालवणजवळ. सासर पुण्यात, कोथरूडला, शाकाहारी, लसूणसुद्धा मोजून. पहिलं बाळंतपण माहेरी, पद्धतच आहे, सातवं संपलं की ओटी भरून पाठवतात. तर मी शेवटचे अडीच महिने आईकडे होते आणि काय खाल्लं म्हणून विचारू नका. बांगड्याचं तिखलं, पेडवे, सोलकढी, सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला भाजलेली सुकट. आईच्या बांगड्यात तिरफळं असतातच. ज्यांनी तिरफळ खाल्लं नाही त्यांना सांगते, मिऱ्याएवढं, वाळलं की तोंड उघडलेलं फळ, आतली काळी बी टाकून द्यायची आणि नुसतं साल ठेचून रश्शात, वास लिंबाच्या सालीसारखा पण रानटी, आणि चुकून दाताखाली आलं की जीभ मिनिटभर बधिर. सासूबाईंना तो वास अजिबात सहन होत नाही.

दुसऱ्या वेळी धाकटा सासरीच झाला. पाचव्यापर्यंत उलट्या. पाणीसुद्धा टिकायचं नाही. आणि त्यानंतर जे पोटात राहायला लागलं त्यात एक नंबर होता शेपू. सासूबाई मुगाची डाळ घालून करतात, वरून मोजून दोन पाकळ्या लसूण. मी आयुष्यात शेपूला हात लावला नव्हता, आमच्याकडे तो वास कुणाला आवडत नाही, पण त्या तीन महिन्यांत मी आठवड्यातून चारदा शेपू-भाकरी खाल्ली असेल, आणि नंतर बाळंतीण म्हणून बाळंतशेपा-ओव्याचा मुखवास होताच, म्हणजे पुन्हा शेपूच, बियांच्या रूपात.

थोरली आता नऊची. ती अडीच-तीन वर्षांची असताना आईने कुणाबरोबर तरी मसाल्याची पुरचुंडी पाठवली होती, मी ओट्यावर उघडली तर ही पळत आली, नाक खुपसलं आणि म्हणाली, "आजीचा वास." तिरफळं. सासूबाई दुसऱ्या खोलीतून म्हणाल्या, "ते आधी डब्यात घाल बाई." आज ती बांगडा काट्यासकट निवडून खाते आणि तिरफळ चोखते, जीभ बधिर झाली की मजा वाटते तिला. शेपू दिसला की मात्र ताट सरकवते.

धाकटा बरोबर उलटा. मंडईतून आणलेली जुडी निवडायला घेतली की हा शेजारी येऊन बसतो आणि कच्चे शेंडे खुडून चघळतो, शेळीसारखा. मासा समोर आला की नाक दाबतो.

आता मला हे इतकं आवडतं ना, की थोरलीच्या जिभेवर माझं माहेर आहे आणि धाकट्याच्या जिभेवर माझं सासर. मी हा सिद्धांत सगळ्या नातेवाइकांना ऐकवलाय. पण रात्री शांतपणे विचार केला की त्यातली भोकं मलाच दिसतात. थोरली दर मे महिन्यात महिनाभर आजोळी असायची, आजीच्या मांडीवर बसून तिच्या बोटाने रस्सा चाटायची, त्यामुळे पोटात शिकली की मांडीवर शिकली कोण सांगणार. धाकटा जन्मला आणि मग आमचं मालवणला जाणंच दोन वर्षं झालं नाही. शिवाय कडवटपणा ओळखणारं जनुक प्रत्येकाचं वेगळं असतं, एकाच आईच्या दोन मुलांत फरक असू शकतो. आणि वर सांगितलेले प्रयोगही लहानच आहेत, कुठे दहाच बायका, कुठे काही डझन, कुठे शंभरेक. त्यांतून एवढं नक्की दिसतं की बाळ चव ओळखतं, ती काही महिने लक्षात ठेवतं आणि ओळखीच्या चवीला तोंड कमी वाकडं करतं. नऊ वर्षांच्या मुलीने शेपू का सरकवला याचं उत्तर त्यात नाही.

उलट्यांचं एक राहिलं. धाकटा मीठ खातो. नुसतं. पापड तळला की खालचं मीठ बोटाने टिपतो, कैरीला लावायला दिलेलं कैरीआधी संपवतो. आणि याच्यावर पण काम झालेलं आहे, नव्वदच्या दशकात, क्रिस्टल आणि बर्नस्टाइन यांचं, की ज्या आयांना दिवस असताना जोरदार उलट्या झाल्या त्यांची चार महिन्यांची बाळं खारट पाणी जास्त आवडीने प्यायली. उलट्यांत पाणी आणि क्षार जातात, त्याचा बाळाच्या खारटाच्या आवडीवर परिणाम होत असावा असा तर्क. हे वाचून मी नवऱ्याला म्हटलं बघ, तो म्हणाला मी पण मीठ खातो, माझ्या आईला काही उलट्या झाल्या नव्हत्या. मग सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "झाल्या होत्या की, सांगते कुणाला." असो.

हे सगळं इथपर्यंत गमतीचं. पण याच गोष्टीचा दुसरा चेहरा मला आवडत नाही, आणि तो म्हणजे "तू काय खाल्लं होतंस?" थोरलीला सहाव्या वर्षी चष्मा लागला तेव्हा एका लग्नात एका बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, पोटात असताना गाजर खाल्लं नव्हतंस का गं? मी तेव्हा गप्प बसले त्याचा राग अजून आहे. लांबचं न दिसण्याचा नंबर येतो त्यात आईबापांकडून आलेलं असतं आणि घरात बसून जवळचं बघणं असतं, तिच्या बापाला चौथीत चष्मा लागलाय, त्याला कुणी विचारलं नाही तू काय खाल्लंस म्हणून. गाजराच्या रसाचा प्रयोग जिभेचा होता, डोळ्यांचा नव्हता.

आणि हे काही आजचं नाही. डोहाळे हा शब्दच संस्कृतातल्या दोहदावरून आलेला, सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला दौहृदिनी म्हटलंय, दोन हृदयांची, म्हणजे तिला जे हवंसं वाटतं ते आतल्या बाळालाच हवंय. कल्पना किती सुंदर आहे. पण लगेच पुढे म्हटलंय की तिची इच्छा डावलली तर मूल कुबडं, लंगडं, मंदबुद्धीचं, ठेंगणं, डोळ्यांत दोष असलेलं नाहीतर बिनडोळ्यांचंच होईल. तिथे निदान धाक घरच्यांना होता, तिला हवं ते द्या म्हणून. आपण तो धाक उचलून बाईच्याच डोक्यावर ठेवला.

खरं विचारायचं तर ज्या गोष्टींचा बाळाच्या कानावर, डोळ्यांवर, डोक्यावर खरोखर परिणाम होतो त्या डोहाळजेवणाच्या पंगतीत कुणी काढतच नाही, कारण त्या गोड नाहीत आणि त्यांचे फोटो येत नाहीत. आयोडीन घ्या. आईला आयोडीन फार कमी पडलं तर मूल बहिरं होऊ शकतं, मतिमंद होऊ शकतं, म्हणून तर १९६२ पासून सरकार गलगंडाचा कार्यक्रम चालवतंय आणि म्हणून मीठ आयोडीनवालं असतं. आणि आमच्या ओळखीत चार घरं अशी आहेत जिथे सुनेला दिवस गेले म्हणून "नैसर्गिक" म्हणत महागडं गुलाबी मीठ सुरू केलं, ज्यात आयोडीन घातलेलं नसतं बऱ्याचदा. पाकिटावर वाचा, एवढंच.

दुसरं लोह. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गर्भवतींपैकी ५२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. महाराष्ट्रात सुद्धा जवळपास निम्म्या. आणि लोहाचा नि कानाचा संबंध आहे. कानापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंवर जे वेष्टण चढतं त्याला लोह लागतं, आणि जन्मतःच लोहाचा साठा कमी असलेल्या बाळांमध्ये आवाजाचा संदेश मेंदूत थोडा हळू पोचतो असं तपासण्यांत दिसलंय. कान बहिरा नसतो, रस्ता कच्चा असतो म्हणा. त्या लोह-फॉलिकच्या गोळ्या आशाताई फुकट देतात, १८० दिवस घ्यायच्या असतात, आणि अर्ध्या बायका त्या पोट बिघडतं म्हणून कपाटात ठेवतात. मी स्वतः थोरलीच्या वेळी ठेवल्या होत्या. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून झापलं.

तिसरं बी-१२, आणि ते आमच्या सासरसारख्या घरांसाठी. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा जो अभ्यास चालवलाय तो मला केशराच्या दुधाच्या शंभर मेसेजपेक्षा मोलाचा वाटतो. त्यातल्या बहुतांश बायकांत बी-१२ कमी निघालं, आणि ज्या आयांचं फारच कमी होतं त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष देण्याच्या आणि आकडे लक्षात ठेवण्याच्या काही चाचण्यांत थोडी मागे होती. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या बायकांनी हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाल्लं त्यांची बाळं जन्मताना अंगाने जरा मोठी होती. शेपू पालेभाजीच आहे हे मी सासूबाईंना लगेच वाचून दाखवलं होतं, त्या दिवशी मी त्यांची फार लाडकी होते. पण शेपूत बी-१२ नसतं, ते दूध-दह्यात थोडं असतं, अंडी-मासे-मटणात असतं, आणि शाकाहारी बाईला बऱ्याचदा गोळीच लागते. मलाही लागली.

माशातलं डीएचए (ओमेगा-३ म्हणतात त्यातलाच एक स्निग्ध पदार्थ) बाळाच्या मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात शेवटच्या तीन महिन्यांत भराभर साठतं हे खरं आहे. पण त्याच्या कॅप्सूल खाऊन बाळाची नजर तेज होते असं मात्र दिसलेलं नाही. ऑस्ट्रेलियात जवळजवळ २४०० बायकांवर मोठी चाचणी झाली, त्यातल्या काही बाळांची नजर चौथ्या महिन्यात तपासली, काही फरक नाही. म्हणून ते हजाराचे डबे घेऊ नका, त्यापेक्षा बांगडा खा, खात असाल तर. मुशीसारखे मोठे शिकारी मासे तेवढे टाळा, त्यांच्यात पारा साठलेला असतो.

तर हे सगळं मी रविवारी संध्याकाळी पाहुणे गेल्यावर भावजयीला सांगत होते आणि आई पलीकडे भांडी पुसत ऐकत होती. भावजय सोलापूरची. बाळंतपणाला पुढच्या आठवड्यात माहेरी निघालीय, तिथे शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, आमटी, तिच्या आईने आत्तापासून ज्वारी निवडून ठेवलीय. आईने गाजराचा प्रयोग नीट ऐकून घेतला, हातातला कुकर खाली ठेवला आणि भावाला म्हणाली, "मगे तिका हयच ठेवया. थंय गेल्यार पोराक आपल्या माशाची चव कशी कळतली?"

भाऊ हसला, भावजय हसली, आई हसली नाही. तिचं खरंच म्हणणं होतं ते. मी म्हटलं अगं आई, बाळ जन्मल्यावर पण शिकतं, वरचं सुरू केल्यावर एखादी चव आठ-दहा वेळा पुढे केली की बरीच मुलं घ्यायला लागतात, आणि अंगावरच्या दुधातूनही वास जातो, लसणीचा तर दोनेक तासांत जातो. आई म्हणाली, दूध पण सोलापुरातच पिणार ना ते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भावजयीला मी एकच काम सांगितलंय. ती गोळी संध्याकाळी चहाबरोबर घेत होती, आणि चहाने लोह अंगी लागत नाही, म्हणून गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. काल तिचा मेसेज आला, गोळी बदलली, पोटही ठीक आहे. खाली अजून एक ओळ होती, की आईंनी बॅगेत सुकटीचा डबा भरलाय, वर तीन पिशव्या बांधल्यात, तरी बॅगेला वास येतोय आणि सोलापूरपर्यंत एसी डबा आहे, काय करू?